काळ्या शेलमधील मासे



मराठी घरांच्या देव्हाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या पुजला जाणारा शाळिग्राम गंडकीच्या पात्रातून येतो. त्यातील चक्र म्हणजे आज जेथे हिमालय उभा आहे तेथे समुद्र असताना जगलेल्या ॲमोनाइट नावाच्या शंखधारी प्राण्याचा ठसा होय. गाळाच्या काळ्या खडकाने जीवाची आकृती कोट्यवधी वर्षे सांभाळावी, याचे दुसरे विलक्षण उदाहरण जर्मनीतील मान्सफेल्डच्या तांब्याच्या खाणींत आढळते. तेथे काळ्या शेलच्या पापुद्र्यांत मासे निजलेले आहेत.

सुमारे 25 कोटी 80 लक्ष वर्षांपूर्वी, पर्मियन कल्पाच्या उत्तरार्धात, मध्य युरोपातील एका सखल वाळवंटी प्रदेशात उत्तरेकडून समुद्र घुसला. त्याच्या तळाशी प्राणवायू नव्हता. वरून पडणारे सेंद्रिय द्रव्य तेथे पुरते कुजले नाही. म्हणून गाळ काळा झाला. मेलेला मासा तळाशी गेला, तर त्याचे लचके तोडण्यास तेथे कोणी जिवंत नव्हते. त्यामुळे खवल्यांची ओळही न विस्कटता तो गाळात दबला. हा थर बहुतेक ठिकाणी एक मीटरही जाड नाही. परंतु त्याचा विस्तार इंग्लंडपासून पोलंडपर्यंत आहे. त्यातील तांब्यामुळे जर्मन लोक त्यास ‘कुप्फरशीफर’, म्हणजे तांब्याचा पाटीदगड, म्हणतात.

या थरातील सर्वांत परिचित मासा पॅलिओनिस्कम हा होय. तो साधारणतः वीतभर लांब असतो. ज्यांच्या परांना हाडांच्या बारीक काड्यांचा आधार असतो, अशा माशांच्या महाकुळातील हा प्राचीन सदस्य. आजचे रोहू, बांगडा, पापलेट हे सारे त्याच महाकुळातले. मुशी आणि पाकट मात्र त्याबाहेरचे. पॅलिओनिस्कमचे खवले शंकरपाळ्याच्या आकाराचे, जाड आणि चकाकणारे असतात, आणि त्याचा कणा शेपटीच्या वरच्या पाकळीत शिरलेला असतो. आजच्या स्टर्जन माशाची शेपटीही अशीच असते.

हे मासे प्रथम पाहिले ते खाणकामगारांनी. थर अरुंद असल्यामुळे त्यांना कुशीवर आडवे पडून, मान वाकडी करून खडक फोडावा लागे; ‘वाकड्या मानेचे’ असे नावच त्यांना पडले होते. पोरसवदा मुले त्या बुटक्या बोगद्यांतून पायाला बांधलेल्या लहान गाड्या ओढीत. मार्टिन लूथरचे वडील मान्सफेल्डच्या याच तांब्याच्या धंद्यात होते. माशाचा ठसा असलेला दगड हाही तांब्याचा दगडच होता. तो भट्टीत जावयाचा. कोणा कामगाराने तो बाजूला काढून ठेवला, तरच मासा वाचला. अशा कामगारांची नावे इतिहासाने नोंदविली नाहीत. 1818 साली फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लँव्हिल यांनी या माशाचे नामकरण केले, तेव्हा ‘फ्रायस्लेबेनी’ हे पद जोडून एका खाण अधिकाऱ्याचा गौरव झाला.

विद्वानांची दृष्टी या दगडांकडे फार पूर्वी वळली होती. 16व्या शतकात ॲग्रिकोला यांनी त्यांचा उल्लेख केला. पुढे तत्त्वज्ञ आणि गणिती लायब्निट्स यांनी ‘प्रोटोगेआ’ या ग्रंथात, हे निसर्गाचे खेळ नसून खरे मासे आहेत, असे प्रतिपादन केले. सोनार एखादा कोळी मातीत लिंपून भाजतो, राख काढून टाकतो आणि त्या पोकळीत चांदी ओततो. तशीच निसर्गाची ही ओतीव कामे, असा दृष्टान्त त्यांनी दिला. हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, 1749 साली प्रकाशित झाला. मासे भूगर्भातील आगीने ओतले गेले नाहीत, हे आज ज्ञात आहे. परंतु ते खरे मासे आहेत, हा निष्कर्ष टिकला.

या परिसरातील शेवटची खाण 1990 साली बंद झाली. उरले ते शंभर मीटरहून उंच असे मलब्याचे शंकू आणि जुने लहान ढीग. आता नवा मासा मिळायचा तो बहुतांशी या ढिगांतूनच. तेथे परवानगी घेऊन जावे लागते. शेलची लादी कडेवर उभी धरून, थराच्या रेषेवर पातळ छिन्नी ठेवून हलका ठोका द्यावा लागतो. लादी उकलली की मासा दोन्ही अर्ध्यांत विभागला जातो. म्हणून दोन्ही जपावयाचे असतात. तुकडा कागदात गुंडाळण्यापूर्वी ढिगाचे नाव, जागा व तारीख लिहावयाची असते. ही चिठ्ठी हरवली की तो मासा केवळ शोभेची वस्तू उरतो. कोणत्या समुद्राच्या कोणत्या कोपऱ्यात तो जगला, हे मग कोणालाही सांगता येत नाही.

भारतातही असे धन आहे. गडचिरोली जिल्ह्यात, प्राणहितेच्या काठावरील कोटा येथे ज्युरासिक काळातील चुनखडीत जाड खवल्यांचे मासे सापडले आणि 1851 साली त्यांतील एकास दख्खनवरून ‘डेक्कनेन्सिस’ हे नाव मिळाले. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप यांनीही त्या परिसरातील जीवाश्म गोळा केले. ते नमुने आजही उपयोगी पडतात, याचे कारण ते कोठून आले याची नोंद राहिली.

पालकहो, एखादे मूल खिशातून दगड घेऊन घरी आले, तर तो फेकून देण्याची घाई करू नये. तो कोठे सापडला, हे त्यास विचारावे आणि त्याच्याच हस्ताक्षरात, मराठीत, एक चिठ्ठी लिहवून दगडासोबत ठेवावी. मान्सफेल्डच्या अनाम कामगाराने भट्टीपासून मासा वाचविला. त्यापुढचे काम त्या चिठ्ठीचे आहे.