तिला आत कोण आणणार?



आज शिवाशिवीबद्दल बोलायचं आहे, आणि सुरुवात आमच्याच चुकीपासून करते.

आमच्या एका बचत गटात एक मावशी आहेत. त्यांच्या पाठीवर चट्टा आला. त्यावर टोचलं तरी कळेना. आशाताईंनी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. कुष्ठरोग निघाला. या रोगाच्या गोळ्या फुकट मिळतात. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने घ्याव्या लागतात. मावशींनी बारा महिने नेमाने घेतल्या आणि त्या बऱ्या झाल्या.

तरी बैठकीला त्या उंबऱ्याबाहेरच बसत. हप्ता नातवाच्या हाती आत पाठवत. आम्ही तो मोजून घेत होतो. त्यांचे पैसे चालत होते, त्या चालत नव्हत्या. मला सगळ्या ताई म्हणतात, पण हे माझ्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं ते एका पुस्तकामुळे. आपल्या दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी, निराधार मुलींना आणि बालविधवांना रमाबाईंनी आसरा दिला. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल त्यांनी साध्या मराठीत आणलं. मिशनमधल्या बायकांनीच त्याचे खिळे जुळवले, छपाई केली. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं.

मी ख्रिस्ती नाही. पण रमाबाईंच्या कामाची माहिती घेताना बायबलमधलं लेवीय नावाचं पुस्तक वाचलं. त्यात शुद्धी-अशुद्धीचे नियम आहेत. बाळंतिणीचा विटाळ, पाळीचे सात दिवस, अंगावरचे चट्टे. वाटलं, हे तर आपल्याच घरातलं! चट्टे आलेल्या माणसाने छावणीबाहेर एकटं राहायचं आणि ‘अशुद्ध, अशुद्ध’ असं ओरडायचं. वाचताना राग आला.

पण चौदाव्या अध्यायात थांबले. माणूस बरा झाला की याजक, म्हणजे त्यांचा पुजारी, स्वतः छावणीबाहेर जातो. रोग्याने दार ठोठवायचं नाही. पुजाऱ्याने उठून जायचं. दोन पाखरं आणतात. एक वाहत्या पाण्यावर, मातीच्या भांड्यात मारतात. दुसरं मोकळ्या रानात सोडून देतात. पुजारी सांगतो, हा शुद्ध आहे. आठव्या दिवशी त्या माणसाच्या उजव्या कानाला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला रक्त आणि तेल लावतात. नव्या पुजाऱ्याला दीक्षा देताना याच तीन जागी रक्त लावत. काल ज्याला बाहेर ठेवलं, त्याला आज पुजाऱ्यासारखी खूण! ऐपत नसेल तर त्याने कमी अर्पण आणलं तरी चालतं.

मला त्यातून एवढं कळलं. आपण बाहेर काढण्याचे नियम तोंडपाठ ठेवले आणि आत घेण्याचा विधी विसरलो. गोळीने रोग जातो. ‘तू आमची आहेस’ हे मात्र माणसालाच सांगावं लागतं, आणि तेही चारचौघांत.

पुढची बैठक आम्ही मावशींच्या अंगणात घेतली. दोघी-तिघी आल्या नाहीत. बाकीच्यांनी मावशींच्या हातचा चहा घेतला. हप्ता मावशींनी स्वतः माझ्या हातात ठेवला. तेव्हा त्यांचा हात थरथरत होता, आणि माझाही.

मैत्रिणींनो, अंगावर बधिर चट्टा असेल तर लपवू नका, दवाखान्यात जा. उपचार सुरू झाले की रोग पसरायचा थांबतो. आणि तुमच्या गटात, तुमच्या घरात कोण उंबऱ्याबाहेर बसलंय, ते आज बघा. ती आत यायची वाट बघू नका. तुम्ही उठून बाहेर जा.