लाज कुणाची, कुणापुढे?



पत्रिकेवर आजचा विषय ‘शरीरधर्म आणि समाज’ असा छापलाय. फोनवर मी संयोजकांना साध्या शब्दांत विषय सांगितला होता. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही, आणि मग हा सोवळा मथळा आला. त्यांना मी दोष देत नाही. पण मी पादणं, मुतणं, हागणं हेच शब्द वापरणार आहे. पुढे बसलेली पोरं आत्ताच एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. हसू द्या त्यांना. आपण इथं का हसतो, हाच तर आजचा प्रश्न आहे.

शिंक, खोकला, उचकी, जांभई सगळं चारचौघांत चालतं. शिंक आली तर शेजारचा ‘सत्य आहे’ म्हणून मोकळा होतो. पण पोटातला वारा सरला, की माणूस खुर्ची करकर वाजवतो, नाही तर शेजारच्याकडे संशयानं बघतो. ‘पादऱ्याला पावट्याचं निमित्त’ ही म्हण अशीच नाही आली. धडधाकट माणसाचा वारा दिवसातून दहा-वीसदा सरतो. त्यातला बहुतेक भाग नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड असा बिनवासाचा. वास येतो तो गंधकाच्या चिमूटभर संयुगांचा. सरपंच, डॉक्टर, नवरी, कीर्तनकार, सगळ्यांचं हेच.

मग लाज कशाची? कुणी म्हणेल, घाणीची. विष्ठेतून हगवण, पटकी, जंत पसरतात. त्यापासून लांब राहणारे पूर्वज जगले, म्हणून किळस आपल्यात उतरली. हे खरं आहे. पण ते किळशीचं उत्तर झालं, लाजेचं नाही. किळस बहुतेक दुसऱ्याच्या घाणीची येते. बाळाचा लंगोट बदलताना आईला ती फारशी येत नाही आणि बाळाला तर येतच नाही. लाज येते ती आपल्या स्वतःच्या गोष्टीची, तीही कुणी पाहिलं, ऐकलं तर. दार लावून एकटे बसलात की तीच क्रिया, तोच वास, पण लाज नसते. चार्ल्स डार्विननं 1872 साली भावनांवरच्या पुस्तकात लाजून लाल होण्यावर एक सबंध प्रकरण लिहिलं. जनावरं असं लाल होत नाहीत, तान्ही बाळंही होत नाहीत. दुसरा आपल्याबद्दल काय म्हणेल हे मनात आलं, की चेहऱ्यावर रक्त चढतं, असं त्याचं म्हणणं होतं.

दुसऱ्याची ही नजर शरीरात किती खोल शिरते बघा. 1976 साली अमेरिकेत मिडलमिस्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका प्रयोगाचा निबंध छापला. पुरुषांच्या मुतारीत शेजारी कुणी उभं नसेल तर लघवी सुरू व्हायला सरासरी साधारण 5 सेकंद लागत. कुणी अगदी खेटून उभं असेल तर 8 च्या वर. मन म्हणतं, हो मोकळा. मूत्रमार्गाचे स्नायू म्हणतात, थांब, कुणीतरी आहे. पुरुष मंडळींनो, बसस्टँडवरच्या मुतारीत हा अनुभव तुम्ही घेतला असेल, फक्त कुणाला सांगितला नसेल. पण माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर गेलं. शेजारच्या संडासात पुस्तकांच्या गठ्ठ्यात पेरिस्कोप दडवून एक संशोधक हे मोजत होता! लाजेचा अभ्यास, आणि ज्यांची लाज मोजली त्यांना पत्ताच नाही.

नजर म्हटलं म्हणजे कुणाची, हे आलंच. इटलीतल्या ओस्तियाला रोमन काळातले सार्वजनिक संडास आजही दिसतात. दगडी बाक, त्यांत ओळीनं भोकं, मधे आडोसा नाही. माणसं शेजारी शेजारी बसत. हे ऐकून आपण नाक मुरडू. पण आपली गोदरी, गावाबाहेर उघड्यावर बसायची जागा, काय वेगळी होती? इथं बसलेल्या वयस्क बायांना विचारा. दिवेलागणीला जावा, नणंदा, शेजारणी टमरेल घेऊन निघायच्या. नव्या सुनेला घराबाहेर मोकळं बोलायची तेवढीच वेळ. एकमेकींसमोर बसताना लाज नव्हती. पण रस्त्यावरून ट्रॅक्टरचा किंवा एसटीचा उजेड आला, की सगळ्या झटकन उठून उभ्या राहायच्या, उजेड गेला की पुन्हा बसायच्या. डॉक्टर सांगतील की ह्या उठण्या-बसण्यानं आणि रोखून धरण्यानं किती मलावरोध, किती लघवीचे आजार झाले. त्याच रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून पाठ फिरवलेला पुरुष मात्र कुणाचाही उजेड आला तरी हलत नाही. शरीर दोघांचं, लाज एकीची.

जर्मन समाजशास्त्रज्ञ नॉर्बर्ट एलियास यानं 1939 साली युरोपच्या शिष्टाचारांचा इतिहास लिहिला. त्यानं एक गोष्ट फार नेमकी हेरली: वरच्या माणसाला खालच्यासमोर लाज वाटत नसे. सरदारीण नोकरासमोर निःसंकोच कपडे उतरवत असे, कारण तिच्या हिशेबी नोकर हा पुरुष नव्हताच. ज्याला आपण माणसात धरतो, त्याच्याचपुढे लाजतो.

आता हे इकडे आणा. आपल्या शहरांत जुन्या वाड्यांना टोपलीचे संडास होते. मागच्या बोळातून एक झडप. घरात सोवळं-ओवळं, संडासाला जाताना कानाला जानवं, बोलायचं नाही, अमुक दिशेला तोंड करायचं नाही. आणि ज्याच्यापुढे ही घाण रोज पडायची, तो झडप उघडून टोपली ओढणारा माणूस? त्याच्यापुढे लाज त्या घरात कुणालाच वाटली नाही. त्याला मोजलंच नव्हतं. वर आणखी एक केलं: आपली लाज त्याच्या डोक्यावर ठेवली. घाण करणारा शुद्ध, उचलणारा अशुद्ध. डोक्यावरून मैला वाहणं बंद करणारे कायदे 1993 ला आणि पुन्हा 2013 ला करावे लागले, आणि तरी गटारात उतरून माणसं मरतातच. आपल्या शरीराची लाज दुसऱ्याच्या जातीवर ढकलता येते, हा शोध जगात दुसऱ्या कुणी इतका चोख वापरला असेल असं मला वाटत नाही.

हा उलटा हिशेब सरळ करायचा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांतले पुष्कळजण आपल्याच वर्धा जिल्ह्यात राहिले. आधी थोडं लांबचं सांगतो. डर्बनला, 1898 च्या सुमारास, गांधींच्या घरी एक कारकून राहायला होता, अस्पृश्य आईबापांच्या पोटी जन्मलेला ख्रिस्ती. त्याचं मूत्रपात्र कस्तुरबांनी साफ करावं, तेही हसतमुखानं, असा गांधींचा हट्ट. बा रडत रडत भांडं घेऊन जिना उतरल्या. गांधी चिडले आणि त्यांना हात धरून फाटकाकडे ओढत घेऊन गेले. बा म्हणाल्या, काही लाज आहे का. फाटक लावा, लोक बघतील. गांधींनी आत्मकथेत कबूल केलंय की ते शरमले आणि फाटक लावलं. ही गोष्ट सांगताना लोक गांधींच्या प्रांजळपणावर थांबतात. मला त्या फाटकापाशी बा मोठ्या दिसतात. भांड्याची लाज सोडा म्हणून अडून बसलेल्या नवऱ्याला, खरी लाज कशाची वाटायला हवी, हे त्यांनी एका वाक्यात दाखवलं.

पुढे गांधी वर्ध्याला आले. मगनवाडीत असताना त्यांचे सहकारी शहराला लागून असलेल्या सिंदीत सकाळी बादल्या-फावडी घेऊन लोकांची विष्ठा उचलायला जात. मग विनोबा. 1946 पासून ते पवनारहून रोज सुरगावला चालत जात, खांद्यावर फावडं, आणि गावाची घाण साफ करून परत येत. एकदा पावसाळ्यात वाटेत पूर. विनोबा काठावर उभे राहिले आणि पलीकडच्या माणसाला ओरडून म्हणाले, देवळातल्या देवाला निरोप दे, गावचा सफाईवाला आला होता, पूर आहे म्हणून परत जातोय. देवाकडे हजेरी! गांधींच्या हत्येनंतर निर्वासितांच्या कामासाठी बाहेर पडावं लागेपर्यंत हे चाललं. तिकडे कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम करू द्या म्हणून त्यांनी अन्न सोडलं, कारण सवर्ण कैद्याला ते काम करायची मुभाच नव्हती.

गावं बदलली का? फारशी नाही. विनोबा उचलतात म्हटल्यावर काहींनी आणखी निर्धास्तपणे रस्त्यावर बसायला सुरुवात केली असेल, तर मला नवल वाटणार नाही. 2011 च्या जनगणनेत देशातली जवळजवळ निम्मी कुटुंबं उघड्यावर जात होती.

मग सरकारनं लाजेलाच कामाला लावलं. 2000 साली संत गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान आलं; त्याचं मी कौतुकच करतो, गावागावांत त्यानं चुरस लावली. पण पाठोपाठ ‘गुड मॉर्निंग पथकं’ आली. पहाटे शिट्ट्या, बॅटऱ्या, गुलाबाची फुलं, फोटो, दंड. काही ठिकाणी शिक्षकांवरही ही पाळत ठेवायची ड्यूटी आली. गाडगेबाबा स्वतः झाडू घेऊन पुढे होत. पथक शिट्टी घेऊन मागे लागलं. आणि सापडलं कोण? ज्याच्या घरी जागा नाही, पाणी नाही, अनुदानाचा हप्ता अडकलाय, तो. ट्रॅक्टरच्या उजेडाला उठणाऱ्या बाईवर आता सरकारी बॅटरीचा उजेड पडला. जिला आधीच सगळ्यात जास्त लाज होती, तिलाच आणखी लाजवलं. संडास वाढले, हे मान्य. 2018 साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. पण ज्या पंचायतीत अनुदानाची फाईल पडून होती, तिच्या दारात शिट्टी वाजवायला कुणी गेलं नाही.

घरचा प्रश्न बराचसा सुटला, आता घराबाहेरचा बघा. मुंबईत 2011 पासून ‘राइट टू पी’ नावाची बायकांची चळवळ चालू आहे. तिची सुरुवातीची तक्रार साधी: सार्वजनिक मुतारीत पुरुषाला फुकट आणि बाईला पैसे, हे कसं? मुंबईचं सोडा. सोयाबीन सोंगायला गेलेल्या बाईला वावरात आडोसा कुठला? तूर उभी असली तर ठीक; ती निघाली की सपाट रान. म्हणून बाई सकाळपासून पाणीच कमी पिते, आपल्या मे महिन्याच्या उन्हातसुद्धा. बाजाराच्या दिवशी भाजी विकणारी तेच करते. मेडिकलमधून पॅड घेताना ते अजून पेपरात गुंडाळून, काळ्या पिशवीत मिळतं. दुकानदार ते आपणहून करतो, सौजन्य म्हणून. मधुमेहाची गोळी कुणी असं गुंडाळून देत नाही.

सरपंच समोर बसलेत म्हणून एक कामाचं बोलतो. मी पुष्कळ गावांत बायकांसाठी बांधलेले सार्वजनिक संडास कुलूपबंद पाहिले. लोक म्हणतात, बाया वापरतच नाहीत. जाऊन बघितलं, तर दार चौकाकडे, वर ठळक अक्षरात ‘महिला’, आणि बरोबर समोर पानठेला, त्यावर दिवसभर दहा पुरुष. कोणती बाई त्या दारातून आत जाईल? नकाशा काढणारा पुरुष, मंजूर करणारा पुरुष, उद्घाटनाची फीत कापणाराही पुरुष. पुढच्या वेळी निविदा काढायच्या आधी तो नकाशा महिला ग्रामसभेत ठेवा, आणि दार कुठल्या बाजूला हवं एवढंच त्यांना विचारा. आडोशाची भिंत किती उंच, आत पाणी कुठून, दिवा आहे की नाही, हे मग त्याच सांगतील.