वाऱ्याच्या विजेचा जमाखर्च

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



घरचा जमाखर्च आपण रोज मांडतो. आज वाऱ्यापासून होणाऱ्या विजेचा जमाखर्च मांडावा, असे मी योजिले आहे. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतील माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. आपल्यापैकी अनेकींची शेते आसपासच्या खेड्यांत आहेत. उद्या तेथेही कोणी करारपत्र घेऊन येईल. तेव्हा हा हिशेब आधीच ठाऊक असलेला बरा.

प्रथम जमेची बाजू पाहू. कोळशावर वीज करावयाची तर पाणी फार लागते. २०१५ साली पाण्याअभावी परळीचे वीजकेंद्र बंद ठेवावे लागले. पुढच्याच वर्षी मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले, हे आपण विसरलो नाही. पवनचक्की फिरते तेव्हा ना कोळसा जळत, ना धूर निघत, ना पाणी खर्ची पडत. खांबाला जागा थोडी लागते. भोवती ज्वारी-तूर पिकविता येते. तहानलेल्या मराठवाड्याला ही जमा लहान नव्हे.

आता खर्चाची बाजू. आपल्याच नावाचे एक नायगाव, सावित्रीबाई फुल्यांचे जन्मगाव, सातारा जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्यात चाळकेवाडीच्या पठारावर कित्येक वर्षे पवनचक्क्या फिरत आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी तेथे केलेली पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी इतर भागाच्या मानाने सुमारे चौथा हिस्साच आढळले. खाणारा वैरी कमी झाला म्हणून सरडे वाढले. ते माणसालाही फारसे भिईनात; पण अंगाने मात्र रोडावले. वर पाते फिरले, तर खाली माळाची घडी बदलते ती अशी!

दुसरा खर्च वेळेचा. आपल्या राज्यात जोराचा वारा सुटतो पावसाळ्यात, आणि गहू-हरभऱ्याला पाणी द्यावयाचे असते हिवाळ्यात. म्हणून कोळशाच्या भट्ट्या अजून पुरत्या विझविता येत नाहीत. तिसरा खर्च जमिनीचा. अवजड यंत्रे नेण्यासाठी शेतांतून रुंद रस्ते काढावे लागतात. चक्कीचे आयुष्य साधारण २० ते २५ वर्षांचे. पुढे तिची काचतंतूंची लांबलचक पाती सहजासहजी मोडीतही जात नाहीत.

एवढ्यावरून पवनचक्की नकोच, असे मी म्हणणार नाही. जमेची बाजू मला जड वाटते. परंतु वीज दूरच्या शहराला आणि खर्च आपल्या माळाला, असे होता कामा नये. करार मराठीत वाचून घ्यावा. भाडे किती, किती वर्षांनी वाढणार, पिकाची नुकसानी कोण भरणार आणि शेवटी खांब कोण उचलणार, हे त्यात लिहून घ्यावे. जेथे सातबाऱ्यावर आपले नाव आहे, तेथे समजल्यावाचून अंगठा किंवा सही देऊ नये. ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी, असा कायदाच आहे. त्या सभेत हे प्रश्न आपण मांडू या.

वारा कोणाच्या मालकीचा नाही. जमीन मात्र आपली आहे, एवढे ध्यानी ठेवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.