सेवापुस्तकाचे पहिले पान



नेमणुकीचा आदेश हाती पडला की आम्ही पेढे वाटतो; सेवापुस्तकाचे पहिले पान मात्र न वाचताच सही करून मोकळे होतो. महाराष्ट्र नागरी सेवेच्या १९८१ च्या नियमांप्रमाणे जन्मतारखेच्या दुरुस्तीचा अर्ज सर्वसाधारणपणे रुजू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. आणि आमच्यापैकी कित्येकांच्या तारखा तर शाळामास्तरांनी अंदाजाने घातलेल्या! नाव बदलले असल्यास राजपत्राची प्रत जोडून नोंद करून घ्यावी.

सर्वांत मोठी हयगय नामनिर्देशनाची. आमचा एक सहकारी अचानक वारला. भविष्य निर्वाह निधीच्या कागदावर त्याच्या दिवंगत आईचेच नाव. लग्नानंतर त्याने ते बदललेच नव्हते. वारस दाखल्यासाठी त्याची पत्नी लेकरांना घेऊन दोन वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढत होती. उद्या कचेरीत गेल्यावर आपापला कागद मागून पाहा.