सुईच्या भोकातून येणारं पाणी

आम्ही अकोले तालुक्यातल्या एका शिवण गटाच्या बाया बोलतोय. गटात आम्ही अकराजणी आणि मशिनी पाच. आमच्या चहूबाजूंना कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरचं, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच. पावसाळा लागला की शनिवार-रविवारी पोरापोरींची रीघ लागते. सगळ्यांच्या पाठीवर भल्यामोठ्या सॅक, आणि गडावरून उतरताना बहुतेकांच्या सॅकमधून पाणी ठिबकत असतं.

त्या सॅकच्या आत ठेवायच्या, पाणी न शिरणाऱ्या पिशव्या आम्ही शिवतो. कपडे एका पिशवीत, खाणं दुसरीत, औषधं-कागद तिसरीत. ही पिशवी कशी बेतायची, कशी शिवायची आणि तिच्यावर काय लिहायचं, हे आज सांगणार आहोत. ब्लाउज-परकर शिवता येणारी कोणीही बाई ही पिशवी शिवू शकते. मात्र एक गोष्ट आधी मनात पक्की करा. पाणी बहुतेक वेळा कापडातून येत नाही. ते येतं सुईच्या भोकातून आणि पिशवीच्या तोंडातून.

मुक्कामाला आलेल्या एका पोरीनं फाटलेली पिशवी आमच्याकडे टाकून दिली होती. ती आम्ही टाका टाका उसवली. आतल्या बाजूनं प्रत्येक शिवणीवर एक पातळ पारदर्शक पट्टी चिकटवलेली होती. सगळी मेख त्या पट्टीत आहे.

आधी कापडाचं बोलू. जुन्या माणसांना मेणकापड ठाऊक आहे. हे त्याच घराण्यातलं, पण खूप हलकं. नायलॉनचं कापड आणि त्याच्या एका अंगाला प्लॅस्टिकसारखा लेप. दुकानदार ‘डेनिअर’ विचारतो, तेव्हा घाबरू नका. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. सत्तर डेनिअरचं कापड पातळ, दोनशे दहाचं जाड. आपली पिशवी सॅकच्या पोटात राहणार, दगड-काटे सॅकच्या अंगावर येणार. म्हणून आतल्या पिशवीला सत्तरचं पुरतं आणि पाठीवरचं ओझंही वाढत नाही.

लेप दोन जातींचे मिळतात. एक पॉलियुरेथेनचा, त्याला ‘पीयू’ म्हणतात. दुसरा सिलिकॉनचा, हाताला बुळबुळीत लागतो. शिवणीवर गरम करून लावायची पट्टी पीयूवर बसते, सिलिकॉनवर बसत नाही. त्याला सिलिकॉनचाच डिंक लावावा लागतो. दुकानात ओळखायचं असेल तर साधी चिकटपट्टी लावून पाहा. सिलिकॉनवर ती नीट धरत नाही, पटकन सुटते. नवशिक्यांनी पीयूचं कापड घ्यावं.

आता माप. साधारण दहा लिटरची, म्हणजे दोन-तीन जोड कपडे मावतील अशी पिशवी धरू. तळ १५ सेंटीमीटर बाय १५, उंची ४०. पंधरा गुणिले पंधरा गुणिले चाळीस, झाले ९००० घन सेंटीमीटर, म्हणजे नऊ लिटर. भरल्यावर पोट फुगतं, तेव्हा थोडं जास्तच मावतं. यासाठी कापड ६३ सेंटीमीटर रुंद घ्या. त्यात साठ घेराचे आणि तीन शिवणीचे. लांबी ६७ घ्या. चाळीस उंचीची, साडेसात तळाची, पंधरा तोंड गुंडाळायची, बाकीची शिवणीत आणि तोंडाच्या दुमडीत जाते. तोंडाच्या पंधरा सेंटीमीटरमध्ये काटकसर करू नका. तेवढ्यावरच पाणी अडतं.

शिवताना उशीच्या अभ्र्यासारखी एक उभी शिवण आणि एक तळाची शिवण घाला. मग तळाचे दोन्ही कोपरे चिमटून त्रिकोण करा, त्रिकोण १५ सेंटीमीटर रुंद होतो तिथे आडवी टीप मारा. तळ चौकोनी होतो आणि पिशवी उभी राहते. सगळ्या टिपा सरळ येतात. गोल तळ दिसायला छान, पण वळणावर पट्टी चिकटवताना सुरकुत्या पडतात आणि सुरकुतीतून पाणी शिरतं.

सुई बारीक घ्या, अकरा नंबरची. घरी जाड कापडाला वापरतो ती सोळा नंबरची लावली तर भोकं मोठी पडतात. दोरा पॉलिएस्टरचा घ्या, सुती दोरा ओलीत कुजतो. इंचाला आठ-नऊ टाके पुरे. टाके फार जवळ घातले तर कापडाला भोकांची रांग पडते आणि ते तिथूनच फाटतं. या कापडात पडलेलं भोक परत बुजत नाही, म्हणून टाचण्या लावू नका. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. उसवून पुन्हा शिवणं इथे परवडत नाही, त्यामुळे खडूनं रेघ आखूनच मशीनवर बसा.

मग पट्टी. लेपाच्या बाजूनं शिवणीवर पट्टी ठेवायची, वर सुती फडकं, आणि मध्यम गरम इस्त्री दाबून पुढे न्यायची. इस्त्री जास्त तापली तर नायलॉन वितळतं. म्हणून आधी कातरणीवर करून पाहायचं. पट्टी गार झाल्यावर नखानं कड उचलून बघा. उचलली गेली तर इस्त्री पुन्हा फिरवायची.

तोंडाला नाडी घालू नका. नाडी कितीही आवळली तरी मध्ये भोक राहतंच. तोंडाच्या काठात एक कडक पट्टी घालून शिवा आणि तिच्या दोन टोकांना सॅकला असतं तसं क्लिपचं बक्कल लावा. वापरताना आतली हवा दाबून काढायची, तोंड सपाट धरायचं, किमान तीन वेळा गुंडाळायचं, मग टोकं एकमेकांत अडकवायची. बक्कल शिवताना पडलेली भोकं गुंडाळीच्या वर राहतात, म्हणून तिथे चिकटपट्टीची गरज पडत नाही.

प्रत्येक पिशवी तपासल्याशिवाय गटाबाहेर जात नाही, हा आमचा नियम आहे. पंक्चर काढणारा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो ना, तसंच. पिशवीत हवा भरून तोंड गुंडाळायचं, पाण्याच्या टबात दाबायची आणि शिवणींवरून नजर फिरवायची. बुडबुडा आला तिथे पिशवी कोरडी करून खूण करायची, परत पट्टी लावायची. नंतर आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद घालून पिशवी मोरीत नळाच्या धारेखाली अर्धा तास ठेवायची. कागद बोटाला कोरडा लागला तरच पिशवी पास.

रंगांचाही विचार करा. दहा लिटरची कपड्यांना, पाचाची खाण्याला, दोनाची औषधं-मोबाइल-कागदांना, आणि प्रत्येकीचा रंग वेगळा. पावसात सॅक उघडली की हात नेमका हव्या त्या पिशवीवर जावा, बाकीच्यांची तोंडं उघडायला लागू नयेत. सगळं एकाच मोठ्या पिशवीत ठेवलं आणि ती गळली, तर सगळंच भिजतं. आणि पिशवी ठासून भरू नका. ठासलेल्या पिशव्या सॅकमध्ये हंड्या-कळशांसारख्या बसतात, मध्ये फटी राहतात. सैल भरली की कोपऱ्यात नीट बसते. झोपायचं सामान तळाशी, जड सामान पाठीलगत मध्यावर, पावसात लागणारं सगळ्यात वर. ओले कपडे कोरड्यांसोबत घालू नका. जी पिशवी बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, ती आतली ओलही बाहेर जाऊ देत नाही.

आता किमतीचं. आपण दोऱ्याचे पैसे धरतो आणि आपल्या हातांचे सोडून देतो. उदाहरणादाखल हिशेब ऐका, आकडे तुमच्या भागातले घाला. कापड ९० रुपये, बक्कल आणि कडक पट्टी १५, चिकटपट्टी आणि दोरा २५, वीज आणि मशीनची डागडुजी ५. झाले १३५. एका पिशवीला सव्वा तास लागतो. तासाला ६० धरले तर मजुरी ७५. झाले २१०. वीसातली एक पिशवी तपासणीत बाद होते, तिचा भार प्रत्येकीवर १० रुपये. वाहतूक आणि गटाचा वाटा ३०. किंमत २५०. कोणी म्हणालं, ‘दीडशेत द्या’, तर आपली पूर्ण मजुरीच काय, तपासणीचा खर्चही निघत नाही.

असंच एकदा झालं. शहरातला एक व्यापारी आला. त्याला दोनशे पिशव्या हव्या होत्या, दर दीडशेचा. पट्टी नको म्हणाला, वरून दिसत नाही म्हणून. आणि पिशवीवर ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ छापून हवं होतं. शाळा उघडायचे दिवस होते, वह्या-गणवेशाला पैसे सगळ्यांनाच हवे होते. बैठकीत दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, छापणारा तो, विकणारा तो, आपल्याला काय? तेव्हा आमच्यातल्या वडीलधाऱ्या काकू म्हणाल्या, “गडावर भिजून कुडकुडणाऱ्या पोराची आई व्यापाऱ्याला ओळखत नाही आणि आपल्यालाही ओळखत नाही. पण ती पिशवी आपल्या हातची आहे हे आपल्याला ठाऊक राहील.”

यात अतिशयोक्ती नाही. गडमाथ्यावर रात्री वारा सुटतो. अंगावरचे कपडे भिजलेले, त्यात सॅकमधला जोडही भिजला, तर अंगातली ऊब निघून जाते. आधी हुडहुडी भरते, मग हात चालत नाहीत, बोलणं अडखळतं, शुद्ध हरपायलाही लागते. त्या वेळी कोरडा जोड फार मोलाचा असतो. आम्ही ती मागणी घेतली नाही. पुढे गड चढायला माणसं नेणाऱ्या एका मंडळानं चाळीस पिशव्या पूर्ण किमतीत नेल्या. चाळीसनं दोनशेची भरपाई होत नाही. त्या महिन्यात प्रत्येकीच्या वाट्याला कमीच आलं, हेही तुमच्यापासून लपवत नाही.

आमच्या पिशवीवर आता असं छापलेलं असतं: ‘पावसापासून राखते. तोंड तीन वेळा गुंडाळा. पाण्यात बुडवून ठेवू नका. वापरल्यावर उघडून सावलीत वाळवा.’ शेवटची सूचना पिशवीच्या आयुष्यासाठी आहे. ओली गुंडाळून ठेवली की उबाऱ्यानं लेप चिकट होतो, वास मारतो, मग सुटून येतो.

पिशवी फक्त गड चढणाऱ्यांची आहे असं समजू नका. पोरांच्या दप्तरात वह्यांना, आशाताईंच्या पिशवीत नोंदवहीला हीच पाच लिटरची पिशवी चालते. पहिली पिशवी घरातल्या दप्तरासाठीच शिवा आणि एक पावसाळा वापरा. कुठे गळते, कुठे उसवते ते तुमचं तुम्हालाच कळेल. मग विकायला काढा.

पुढच्या बैठकीत गटानं मिळून मीटरभर कापड आणा, एक पिशवी बेता, आणि सगळ्यांसमोर टबात दाबून बघा. बुडबुडे आले तर त्या जागा मोजा, पट्टी लावा, परत बुडवा. काही अडलं तर केंद्रावर पत्र टाका, पुढच्या भागात उत्तर देऊ. येतो आम्ही. रामराम.