बोस्नियातला नोव्हेंबर



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठे लेखक आणि प्राध्यापक बोलून गेले. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. चाळीस वर्षे समोरच्याचे ऐकून घेण्याची सवय झालेली, त्यामुळे एवढ्या लोकांपुढे आपणच बोलायचे म्हणजे जरा अवघड वाटते. पत्रिकेत विषयापुढे 'प्रवासवर्णन' असे छापले आहे. प्रेक्षणीय स्थळांच्या अपेक्षेने कुणी आले असेल तर आधीच क्षमा मागतो. मी गेलो तो देश बोस्निया आणि हर्झेगोविना, आणि गेलो ते दिवस नोव्हेंबरातले, म्हणजे तिकडे पर्यटक सहसा फिरकत नाहीत असे.

नोव्हेंबरच का, तर कारण घरगुती आहे. आमच्याकडे चातुर्मासात लांबचा प्रवास टाळतात. २०१९ साली दिवाळी ऑक्टोबरअखेर आली. मंदिरात निर्वाणलाडू अर्पण केला आणि मग सौ.ला घेऊन मुलीकडे म्युनिकला गेलो. मुलीच्या शेजारी एक परिचारिका राहते, मूळची सारायेव्होची. ती म्हणाली, "माझी आई उन्हाळ्यात वरची खोली पाहुण्यांना देते. सध्या तिथे कुणीच नाही. जा तुम्ही, तिलाही सोबत होईल." आमच्याकडे अनेक वेळा ये-जा करण्याचा शेंगेन व्हिसा होता, त्यामुळे वेगळा व्हिसा लागला नाही. गेलो.

सारायेव्हो हे डोंगरांच्या मधल्या खोलगट दरीतले शहर, समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर. मधून मिल्यात्स्का नावाची अरुंद नदी वाहते. थंडी सुरू झाली की वरची हवा उबदार आणि खालची गार अशी उलटी रचना होते, आणि घरोघरच्या शेगड्यांमधला कोळशाचा, लाकडाचा धूर वर जाऊच शकत नाही. भांड्यावर झाकण ठेवावे तसे धुके शहरावर बसते. पहिल्या दिवशी ट्राममध्ये बसलो आणि डोळे मिटून नुसता खोकला ऐकला. कोरडा कुणाचा, कफाचा कुणाचा, हे ओळखत तीन थांबे गेले. सौ. म्हणाली, "अहो, इथे तरी दवाखाना बंद ठेवा."

दुसरी अडचण जेवणाची. सूर्यास्तानंतर आम्ही जेवत नाही, आणि तिथे त्या दिवसांत सूर्य साडेचारच्या आत मावळतो. त्यातही डोंगराआड तो आधीच दिसेनासा होतो. पहिल्या संध्याकाळी घरमालकीणबाईंनी सात वाजता ताटे मांडली आणि आम्ही दोघे हात जोडून बसलो. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, अंडे नाही, मध नाही, आणि अंधार पडल्यावर काहीच नाही. बाई सत्तरीच्या, सरकारी औषधालयातून निवृत्त झालेल्या. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि मोडक्या इंग्रजीत विचारले, "हा आजार आहे की धर्म?" दुसऱ्या दिवसापासून मात्र त्या घरात दुपारी साडेतीनला पालकाची पातळ पोळी होऊ लागली. तिकडे शरद ऋतूत बायका हिवाळ्याची बेगमी करतात. लाल ढोबळी मिरची भाजून, सोलून, तेलात आटवून तिच्या बरण्या भरतात. तिला आयवार म्हणतात. बाईंनी लसूण न घातलेली एक बरणी शेजारणीकडून मागून आणली. आमच्याकडे उन्हाळ्यात सांडगे-पापड करताना जशी शेजारीण लागते, तशीच तिथेही लागते.

भाषेची गंमत त्या स्वयंपाकघरातच सुरू झाली. दुकानाला त्या दुचान म्हणत, साबणाला सापुन, शोरब्याला चोर्बा, शत्रूला दुश्मान. पिशवीला केसा म्हणतात, तो आपला खिसा. जुन्या बोलीत डॉक्टरला हेचिम म्हणत, म्हणजे हकीम. बोस्नियावर १४६३ पासून १८७८ पर्यंत तुर्कांची सत्ता होती, आणि आपल्या बेळगावावर विजापूरच्या आदिलशाहीची. फारसी-अरबी शब्दांचा व्यापारी दोन्हीकडे फेरी करून गेला. मी विचारले, "तुमच्या भाषेचे नाव काय?" आपल्याकडे परक्याला पहिला नाही तरी दुसरा प्रश्न हाच असतो. बाई म्हणाल्या, "नाश्की." म्हणजे 'आपली'. एवढेच.

त्या तसे का म्हणाल्या ते एका सिगारेटच्या पाकिटामुळे कळले. बाईंना जुना खोकला, आणि तरी ओढणे चालूच. मी डॉक्टरी आवाजात दोन शब्द सुनावले. त्यांनी हसून पाकीट माझ्या हातात दिले. त्यावर इशारा छापलेला होता, 'पुशेन्ये उबिया', धूम्रपान जीव घेते. त्याच्याखाली पुन्हा तेच, 'पुशेन्ये उबिया', अक्षर न् अक्षर तेच. आणि त्याच्याखाली तिसऱ्यांदा तेच, फक्त सिरिलिक लिपीत. पहिले बोस्नियन, दुसरे क्रोएशियन, तिसरे सर्बियन. देशाच्या तीन अधिकृत भाषा. बाई म्हणाल्या, "बघा डॉक्टर, तीन भाषांत सांगूनही मी ऐकत नाही."

आपण हसलात, मीही हसलो होतो. पण हे पाकीट साधे नाही. १९९२ च्या एप्रिलपासून १९९६ च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत, १,४२५ दिवस, या शहराला वेढा होता. डोंगरांवरून तोफा आणि नेमबाज. मरण पावलेल्यांच्या आठवणीसाठी २०१२ साली मुख्य रस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या रिकाम्या मांडल्या होत्या. वेढ्यातही सिगारेटचा कारखाना चालू राहिला. पाकिटांचा कागद संपला तेव्हा पुस्तकांच्या आणि छापील कागदांच्या पानांत सिगारेटी गुंडाळून विकल्या. बाईंना कित्येकदा पगाराऐवजी सिगारेटीच मिळत. त्यांनी माझ्या औषधाच्या गोळ्या हातात घेऊन विचारले, "ही साखर ना?" मी म्हटले, "आधार साखरेचाच." त्या म्हणाल्या, "मग चालेल. त्या दिवसांत साखर हेच औषध होते."

बाईंचे वडील सर्ब, नवरा मुसलमान. जुन्या जनगणनेत त्यांनी स्वतःला 'युगोस्लाव' लिहिले होते. तो देशच उरला नाही. डेटन इथे ठरून डिसेंबर १९९५ मध्ये पॅरिसला सह्या झालेल्या करारातून जी राज्यघटना आली, तिच्यात बोस्नियाक, सर्ब आणि क्रोएट हे तीन घटक समाज आहेत आणि उरलेले सगळे 'इतर'. राष्ट्राध्यक्षपदही तिघांचे मिळून, आणि 'इतर' माणसाला त्या निवडणुकीला उभे राहता येत नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००९ साली हे चूक ठरवले. आम्ही गेलो तेव्हा त्याला जवळजवळ दहा वर्षे होत आली होती आणि घटना तशीच होती. बाई सरकारी फॉर्मवर 'इतर' लिहितात.

साहित्य मंडळात सांगायलाच हवी अशी एक गोष्ट. तिथल्या नोटांवर पुढारी नाहीत, कवी आणि लेखक आहेत. पण त्यातही वाटणी. देशाचे दोन भाग, म्हणून एकाच किमतीच्या नोटेचे दोन प्रकार. दहा मार्कांच्या एका नोटेवर माक दिझ्दार, दुसऱ्या प्रकारच्या नोटेवर अलेक्सा शांतिच. दोन्ही नोटा सगळीकडे चालतात. एकमत झाले ते दोनशेच्या नोटेवर. तिथे एकटा इव्हो आंद्रिच, १९६१ चा नोबेलविजेता. तो जन्माने क्रोएट कॅथलिक घरातला, लिहिले सर्बियन वळणाच्या भाषेत, आणि विषय बोस्निया. तिघेही त्याला आपला म्हणतात, आणि तिघांतही त्याच्यावर रागावणारे आहेत. आम्ही होतो तेव्हा गावात चर्चा मात्र दुसऱ्याच नोबेलची होती. महिन्यापूर्वीच ते पेटर हांडके या ऑस्ट्रियन लेखकाला जाहीर झाले होते. मिलोशेविचच्या अंत्यविधीला जाऊन बोललेला हा लेखक. बाईंनी त्याचे नाव घेतले आणि रेडिओ बंद केला. लेखन वेगळे आणि लेखक वेगळा, असे आपण इथे खुर्चीत बसून म्हणतो. त्या स्वयंपाकघरात मला ते म्हणवले नाही.

नदीकाठी व्हियेच्नित्सा नावाची देखणी इमारत आहे. तिथे राष्ट्रीय ग्रंथालय होते. २५ ऑगस्ट १९९२ च्या रात्री तोफगोळ्यांनी ते पेटले. दहा लाखांहून अधिक पुस्तके जळाली. जळकी पाने शहरभर उडत होती. बाईंच्या गच्चीवर एक पान येऊन पडले, त्यावरची अक्षरे क्षणभर दिसली आणि हातात घेताच राख झाली. आमच्या घरी श्रुतपंचमीला ग्रंथ बाहेर काढून पुसतात, नवे वेष्टन घालतात, पूजा करतात. लहानपणी मला तो कंटाळवाणा उपचार वाटे. त्या इमारतीत, २०१४ साली पुन्हा उघडलेल्या त्या स्वच्छ, रंगीत आणि बऱ्याच अंशी रिकाम्या दालनात, आम्ही दोघेच होतो, आणि सौ.ने नकळत चपला काढायला वाकल्यासारखे केले. त्याच शहरात ज्यूंची चौदाव्या शतकातली एक चित्रमय पोथी आहे, सारायेव्हो हगादा. दुसऱ्या महायुद्धात दर्विश कोर्कुत या मुसलमान ग्रंथपालाने ती नाझींपासून लपवून वाचवली. दोन्ही गोष्टी एकाच गावच्या.

व्हियेच्नित्सासमोर नदीपलीकडे एक घर आहे, इनात कुचा, म्हणजे हट्टाचे घर. ऑस्ट्रियन राज्यकर्त्यांना ती मोठी इमारत बांधायला जागा हवी होती, आणि घरमालक म्हणाला, माझे घर जसेच्या तसे पलीकडच्या काठावर नेऊन द्या. त्यांना द्यावे लागले. बेळगावकरांना हा हट्ट वेगळा समजावून सांगायला नको.

९ नोव्हेंबरला आम्ही आगगाडीने मोस्तारला गेलो. तास-दोन तासांचा प्रवास, नेरेत्वा नदीच्या कडेकडेने. वर बीचची झाडे तांबूस झालेली, आणि खाली हर्झेगोविनात उतरल्यावर अंगणांत तेंदूफळाची झाडे, पाने सगळी गळलेली आणि नुसती केशरी फळे लटकलेली. मोस्तारला पाऊस होता. उन्हाळ्यात जुन्या पुलावरून नदीत उड्या मारणारी मुले आणि त्यांच्याभोवतीची गर्दी, काही नव्हते. पुलावर आम्ही दोघे, एक छत्री आणि एक मांजर. दगड इतका गुळगुळीत की पायांना आधार म्हणून आडव्या पट्ट्या ठेवल्या आहेत.

हा पूल १५६६ साली मिमार हैरुद्दीनने बांधला. चारशे सत्तावीस वर्षे टिकला आणि ९ नोव्हेंबर १९९३ ला क्रोएट फौजेच्या तोफांनी पाडला. आम्ही उभे होतो तीच तारीख, हे मला तिथे गेल्यावर कळले. पाडणारे बाहेरचे नव्हते. १९९२ मध्ये क्रोएट आणि बोस्नियाक एकत्र लढले होते, पुढच्या वर्षी एकमेकांशी लढले. जुन्या पद्धतीने दगड घडवून पूल पुन्हा बांधला आणि २३ जुलै २००४ ला खुला केला. पण गाव अजून दोन आहे. मधल्या रुंद रस्त्यापलीकडे एक, अलीकडे दुसरे. त्या भागात काही शाळा अशा आहेत की छप्पर एक आणि शाळा दोन, अभ्यासक्रम वेगळे. यायत्से या गावी अशीच वेगळी शाळा काढायचे ठरले तेव्हा विद्यार्थ्यांनीच रस्त्यावर येऊन ते हाणून पाडले. मोठ्यांना जमले नव्हते.

पुलाजवळ एका छोट्या कॉफीच्या दुकानात बसलो. गिऱ्हाईक आम्हीच. मालक पन्नाशीचा, बोलका, इंग्रजी चांगले. मी म्हटले, पलीकडे बागेत ब्रूस लीचा पुतळा आहे म्हणतात, तिन्ही समाजांना चालणारा एकच नायक म्हणून उभारलेला, तो कुठे? त्याने रस्ता नीट सांगितला आणि म्हणाला, "मी स्वतः पाहिलेला नाही. मी तिकडे जात नाही." मी विचारले, किती लांब? "दहा मिनिटे."

मी कॉफी पीत नाही. समोर ठेवलेल्या लोकुमच्या वडीकडे बघत बसलो. मला माझा कंपाउंडर आठवला.

हे मी कधी बोललेलो नाही. १९८४ मध्ये दवाखाना काढला तेव्हा तो माझ्याकडे लागला. घरी कन्नड बोलणारा, पण माझ्याशी कन्नड आणि मी त्याच्याशी मराठी, असे आमचे छान चाले. दवाखान्याची पाटी फक्त मराठीत होती. जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलन पेटले. मीही मोर्च्यांत होतो आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. माणसाला आपल्या भाषेत अर्ज करता यावा, मुलाला शिकवता यावे, हे मागणे न्याय्य होते आणि आहे. पण त्याच आठवड्यात कंपाउंडर म्हणाला, "डॉक्टर, बैलहोंगलकडचे पेशंट पाटी वाचू शकत नाहीत, खाली एक ओळ कन्नडमध्ये लिहू या का?" मी चार पेशंटांसमोर म्हणालो, "तुला कन्नड पाट्या रंगवायच्या असतील तर तिकडेच जाऊन बस." त्याने पुड्या बांधायच्या पूर्ण केल्या, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि गेला. दोन गल्ल्या सोडून राहत होता. तेहतीस वर्षे मी त्या गल्लीतून गेलो नाही. मंदिरात जायचा जवळचा रस्ता तोच, तरी वळसा घालून जात असे.

बोस्नियात एक भाषा आहे आणि तिला तीन नावे आहेत. आपल्याकडे भाषा खरोखरच दोन, कुळेही वेगळी, तेव्हा तिथली फूटपट्टी इथे लावता येणार नाही, हे मला कळते. आपण १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो आणि त्याच दिवशी शेजारच्या घरावर लाल-पिवळा झेंडा असतो. तिथेही नोव्हेंबरातच एक भाग २१ तारखेला डेटन कराराचा दिवस पाळतो आणि दुसरा २५ तारखेला राज्यत्वाचा, आणि एकाच्या सुट्टीला दुसऱ्याची दुकाने उघडी असतात. निघताना बाईंना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही दोन्ही दिवशी सुट्टी का घेत नाही?"

परत आल्यावर आठवडाभर धीर झाला नाही. मग एका सकाळी त्या गल्लीतून मंदिरात गेलो. त्याच्या घराच्या जागी मोबाइलचे दुकान झाले होते. दुकानदाराने चौकशी करून मुलाचा नंबर मिळवून दिला. तो हुबळीला बँकेत आहे, वडील त्याच्याकडेच असतात. फोन लावला. पलीकडून आवाज आला तो ओळखता आला नाही, म्हातारा झालेला. मी नाव सांगितले. थोडा वेळ काहीच नाही. मग त्याने कन्नडमध्ये विचारले, पेशंट बरे येतात का? मी मराठीत सांगितले, येतात. त्याने गुडघ्यांचे दुखणे सांगितले, सकाळी जास्त, चालू लागले की कमी. मी म्हटले, ऱ्हस टॉक्स, आणि तो म्हणाला, "ठाऊक आहे, तिसऱ्या फळीवर, डावीकडे." वीस-बावीस मिनिटे बोललो. पाटीचा विषय दोघांनीही काढला नाही. आता नियमानेच तिच्यावर कन्नड मोठ्या अक्षरांत आले आहे. तेव्हाची ती एक ओळ मी आपणहून लिहिली नव्हती.

पुढच्या रविवारी मी आणि सौ. हुबळीला जाऊन आलो. चार वाजता निघालो, जेवण बेळगावात अंधार पडायच्या आत व्हायला हवे होते, पण त्याच्या सुनेने सोडले नाही. कांदा-लसूण न घालता केलेली ज्वारीची भाकरी आणि मुगाचे वरण तिने साडेचारलाच वाढले. त्याने तिला आधीच सांगून ठेवले होते.