मुके झालेले खेळयंत्र

२६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच जिल्हा असलेल्या आपल्या चंद्रपूर-गडचिरोली परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, पावसाळ्यात जंगलाची ओल घरात शिरते. विजेच्या यंत्रांना दोन्ही मारक. जुन्या व्हिडिओ गेमचेच पाहा. १९९० च्या 'गेम गिअर'चा आवाज बसला, की दोष बहुधा स्पीकरचा नसतो. ध्वनिपट्टीवरील कपॅसिटरमधून द्रव पाझरलेला असतो. तो तांब्याच्या रेषा खातो. म्हणून पट्टी आधी स्वच्छ करावी, मगच धन-ऋण टोके पाहून नवा कपॅसिटर डाख देऊन बसवावा.

१९९४ च्या 'प्लेस्टेशन'ची कथा वेगळी. आरंभीच्या यंत्रांत लेसरची गाडी प्लॅस्टिकच्या रुळावर सरके, तीही वीजपुरवठ्याच्या उष्ण भागाशेजारी. रूळ झिजला, की भिंग कलते आणि खेळ अडखळतो. पोरांनी यंत्र उलटे ठेवण्याची युक्ती काढली. ती काही काळ चालतेही! कारागिराने मात्र प्रथम भिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने अलगद पुसावे. लेसरचा प्रवाह वाढवण्याची घाई नको. तबकडी आज वाचली जाते, पण लेसरचे आयुष्य घटते, आणि असा सुटा भाग आलापल्लीसारख्या गावी सहज मिळत नाही.

शाळेच्या कपाटातील बंद सीडी-प्लेअरलाही हेच लागू. निर्लेखनाच्या यादीत त्याचे नाव घालण्यापूर्वी गुरुजींनी एकदा भिंग पुसून पाहावे.